उतारावर डबल ट्रॉली

पानं गळायला लागली की माझ्या छातीत धस्स होतं. अजूनही.

परवा सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, तर मागच्या अंगणातलं मेपलचं झाड अर्धं रिकामं झालेलं. लाल-पिवळी पानं पार तळ्यापर्यंत पसरलेली. सूनबाई, केतकी, चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, काय सुंदर ना! फॉल कलर्स पीकला आहेत." मी हो म्हटलं. पण मी पानं बघत नव्हते, पानांखालचा उतार बघत होते. पावसानं भिजलेल्या पानांखाली जमीन किती निसरडी झालेली असते ते वरून कळत नाही. वरून नुसता गालिचा दिसतो.

तेवढ्यात पलीकडं कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र सुरू झालं आणि माझ्या हातातली पळी ओट्यावर पडली. केतकीनं माझ्याकडे बघितलं. तिनं पळी उचलून धुतली आणि पुन्हा माझ्या हातात दिली.

आमच्या सांगलीकडं हेच दिवस गळिताच्या हंगामाचे. दिवाळीच्या मागंपुढं कारखान्याचा बॉयलर पेटायचा आणि गावाच्या हवेला मळीचा आंबूस-गोड वास यायचा. तो वास कपड्यांना लागायचा, अंथरुणाला लागायचा, भाकरीलाही लागलाय असं वाटायचं. रस्त्यावर उसानं भरलेल्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला एक ट्रॉली कधी नसायचीच. दोन असायच्या, एकीमागं एक, ऊस बाहेर आलेला, शेवटाला लाल फडकं बांधलेलं. वळणावर मागची ट्रॉली अशी झुलायची की कडेनं चाललेली माणसं शेतात उतरून उभी राहायची. ट्रॅक्टरवर टेप मोठ्यानं लावलेला. पोरं मागं धावून ऊस ओढायची आणि ड्रायव्हर मागं न बघता शिव्या द्यायचा.

त्या ड्रायव्हरांपैकी एक हे. हे म्हणजे आमचे मालक. इथं सगळे त्यांना आबा म्हणतात. उभ्या जन्मात त्यांनी दुसरं काम केलं नाही. हंगाम लागला की हे घरी नसायचेच. फडावर, नाहीतर कारखान्याच्या रांगेत. रांगेत ट्रॅक्टर उभा करून त्याच्याचखाली झोपायचे. मी आवाजावरून ओळखायची की हा आपला ट्रॅक्टर. फोडणी करता करता कानात आवाज यायचा आणि मी तव्यावर एक भाकरी जास्त टाकायची. बहुतेक वेळा हे थांबायचे नाहीत. आवाज घरावरून पुढं जायचा आणि भाकरी उरायची.

ऊसतोडीच्या बायका उसावर बसून जायच्या. पोराला मांडीवर घेऊन, डोक्याला पदर घट्ट बांधून, इतक्या उंचावर की झाडांच्या फांद्या चुकवायला त्यांना वाकावं लागायचं. मला त्यांचा हेवा वाटायचा. हे कुणाला कधी सांगितलं नाही. मी ड्रायव्हरची बायको, पण यांच्या ट्रॅक्टरवर मी एकदाही बसले नाही. सासूबाई म्हणायच्या, घरची बाई काय उसावर बसून मिरवत जाते? आणि मला तर चारचौघांत नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. मग राहूनच गेलं.

मुलानं, संतोषनं, आम्हाला इकडं अमेरिकेत आणलं तेव्हा यांचा ट्रॅक्टर सुटून बरेच दिवस झाले होते. ॲन आर्बर गावात कॉलेजच कॉलेज, पोरंपोरी सायकलीवर, बसमध्ये, पाठीवर दप्तरं. पण संतोषचं घर गावाबाहेर. मोठं अंगण, ओकची आणि मेपलची झाडं, मागं उतार, उताराच्या तळाशी तळं. तळ्याच्या कडेनं पलीकडं गेलं की डोरोथीबाईंचं घर. त्या एकट्याच राहतात. आल्या आल्या हे खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले ते बसूनच राहिले. घरात हीटर चालू असताना जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून बसायचे. केतकी विचारायची, "आबा, कुठं बाहेर निघालायत का?" हे म्हणायचे, "न्हाई. बसलोय." ज्या माणसाला हंगामभर घराकडं बघायला सवड मिळायची नाही, तो माणूस दिवसभर घरात. मला तर चोरून बघितल्यासारखं वाटायचं. हा माणूस चहा पिताना डोळे मिटतो, हे मला अमेरिकेत येऊन कळलं.

मग संतोषनं ते यंत्र आणलं.

घरात सगळे त्याला मोअर म्हणतात. बसायचं आणि गवत कापायचं. पण त्याला स्टेअरिंग नाही. दोन मांड्यांवर दोन दांडे येतात. दोन्ही पुढं ढकलले की पुढं, दोन्ही मागं ओढले की मागं. एक पुढं आणि एक मागं केला की ते जागच्या जागी गरकन फिरतं. जोर सगळा मागच्या दोन चाकांना. पुढची दोन चाकं नुसती खुर्चीखाली असतात तशी, जिकडं न्याल तिकडं वळणारी. पहिल्यांदा संतोषनं ते जागेवर फिरवून दाखवलं तेव्हा मी दोन पावलं मागं सरले.

"अरं, पण स्टेअरिंग कुठाय?" यांनी विचारलं.

"नाहीये आबा. झिरो टर्न आहे."

"स्टेअरिंगबिगर गाडी म्हंजे लगामाबिगर बैल की रं."

"दोन लगाम आहेत की. बसा तर."

हे बसले. पहिल्या दिवशी गुलाबाचं झाड गेलं. नंतर काही गेलं नाही. थोड्याच दिवसांत हे झाडाच्या बुंध्याभोवती अशी गोल फेरी मारायचे की एक काडी उभी राहायची नाही. आमची नात ईरा पायरीवर बसून टाळ्या वाजवायची. "गो आबा, गो!" मग ती सांगायची, "आजी, इट्स नॉट अ ट्रॅक्टर." हे तिला सांगायचे, "ट्रॅक्टरच हाय. बारका हाय एवढंच." दसऱ्याला यांनी ते पुसून चकचकीत केलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, पुढं नारळ फोडला. डोरोथीबाई तळ्याच्या कडेनं फिरायला चालल्या होत्या. त्या थांबून बघत राहिल्या. खोबऱ्याचा तुकडा हातावर दिला तर त्यांनी तो यंत्राकडं बघत बघत खाल्ला.

यांच्या तोंडावर रंग आला होता. जॅकेटची चेन उघडी राहायला लागली. जेवताना बोलायला लागले. मला वाटलं, चला, माणूस परत आला.

त्या हंगामात पानं गोळा करायला संतोषनं यंत्रामागं जोडायची एक छोटी ट्रॉली आणली. जोडताना त्यानं नीट सांगितलं. मी दारात उभी होते, मीही ऐकलं. "आबा, हे घरगुती मोअर आहे. पानं ओढेल, माती थोडी थोडी ओढेल. जास्त लोड नाही करायचा. आणि लोड घेऊन उतारावर तर अजिबात नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलंय."

"अरं, दोन-दोन ट्रॉल्या वडल्यात म्या. रस्त्याला खड्डं, वर पाऊस."

"तो ट्रॅक्टर होता आबा. त्याचं स्वतःचं वजन बघा आणि याचं बघा."

"बरं," हे म्हणाले. यांचं बरं मला माहीत होतं. ते ऐकलं म्हणून नसायचं, संपव म्हणून असायचं.

रस्त्याकडच्या बाजूला एक जुना ओक वाळत चालला होता. तो माणसं येऊन पाडून गेली आणि त्याचे पाटाएवढे ओंडके करून तिथंच टाकून गेली. डोरोथीबाईंच्या घरात लाकूड जाळायची शेकोटी आहे. त्यांनी केतकीला विचारलं, लाकूड कुणाला नको असेल तर मला चालेल. केतकीनं ते घरात सांगितलं आणि हे खुर्चीवरून उठले. "मी पोचवतो," म्हणाले. कितीतरी वर्षांनी यांच्याकडं भाडं आलं होतं.

संतोष म्हणाला, शनिवारी मी घरी असेन, गाडीत घालून पलीकडच्या रस्त्यानं नेऊ. हे बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर हे डोरोथीबाईंकडं जाऊन त्यांची बागेतली ट्रॉली घेऊन आले. ती आमच्या ट्रॉलीच्या मागं पिन घालून जोडली. झाली डबल ट्रॉली. मी म्हटलं, "अहो, एकच ट्रॉली न्या की. दोन खेपा करा."

"एका ट्रॉलीला कारखान्याच्या गेटवर कोण उभं करतंय?" हे हसले. मीही हसले. खूप दिवसांनी दोघं एकाच गोष्टीला हसलो होतो.

ओंडके भरायला मीही हात लावला. लाकूड ओलं होतं. वाळका ऊस आणि हिरवा ऊस यांच्या वजनात केवढा फरक असतो हे यांना सांगायला नको होतं. पण ओंडका छातीशी धरून ट्रॉलीत टाकताना यांचा चेहरा असा फुलला होता, की वजन यांना जाणवलंच नसावं. ढीग वरपर्यंत रचला. दोरीनं आवळला. शेवटाला माझ्या जुन्या लाल ब्लाउजचं फडकं बांधलं. मागं सरून यांनी डबल ट्रॉलीकडं बघितलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

"बस," मला म्हणाले.

"कुठं?"

"मागच्या ट्रॉलीवर. बस की."

"अहो, काहीतरीच काय!"

"काय काहीतरी? जनमभर लोकांच्या बायका उसावर बसवून नेल्या. तुला न्हाई नेलं कधी. बस."

"कुणी बघितलं म्हणजे?"

"हितं कोण बघतंय? ती खार? ती सांगती व्हय कुणाला?"

फांदीवर खरंच खार होती. शेपूट उडवत आमच्याकडंच बघत होती. मी बसले. साडीवर संतोषचं जुनं जॅकेट, पायात ईराच्या आईचे बूट. ओंडक्यांवर बसले आणि दोरी धरली.

यंत्रानं पहिला हिसका दिला आणि निघालं. समोर यांची पाठ. मानेवरचे पांढरे केस. दोन्ही हात दांड्यांवर. माझ्या डोक्यावरून पानं गळत होती, एक जॅकेटच्या खिशात पडलं. अंगणाचा पुढचा भाग थोडा चढाचा आहे. तिथं यंत्र घरघरलं, तेलाचा गरम वास आला, चाकं जरा फिरली आणि ते वर चढलं. यांनी मान वळवून मला बघितलं. "बघितलंस? वडलं का न्हाई?" मी हसले. खरं सांगायचं तर मी तेव्हा काही बोलूच शकले नसते. चांगलं वाटलं की मला बोलता येत नाही.

एवढं लिहून मी थांबते आहे. त्याच्या पुढचं लिहायला हात धजत नाही. चढ संपला ती जागा आज सकाळी जाऊन बघून आले. साधी जागा आहे. तिथं काही दिसत नाही. तिथून घराचं मागचं दार दिसतं, तळं दिसतं, डोरोथीबाईंचा पांढरा कठडा दिसतो. त्या कठड्याशी उभ्या राहून त्या दिवशी हात हलवत होत्या. मीही एक हात सोडून हलवला.

आणि उतार लागला.

आधी वाटलं यांनीच वेग वाढवला. मग दिसलं, यांनी दोन्ही दांडे मागं ओढून धरलेत. खांदे वर आलेत. मागची चाकं फिरायची थांबली होती आणि तरी आम्ही चाललो होतो. ओल्या पानांवरून, आवाज न करता, घसरत. ट्रॉली यंत्राला ढकलत होती आणि माझी ट्रॉली त्या ट्रॉलीला. पुढची ती खुर्चीची चाकं आडवी झाली. मग यंत्र वळलं. असं वळलं की त्याचं तोंड माझ्याकडं आलं.

इतका वेळ यांची पाठ बघत होते. एकदम चेहरा समोर आला. तो चेहरा मी ओळखला नाही. हे माझे मालक आहेत हे मला कळायला एक क्षण लागला. तोंड उघडं, डोळे माझ्याकडं आणि माझ्यात नाही. हा माणूस घाबरतो हे मला ठाऊकच नव्हतं. पंचक्रोशीत यांच्यासारखा गार डोक्याचा ड्रायव्हर नाही म्हणायचे. मळ्याच्या वळणावर एकदा समोरून ट्रक आला तेव्हा गावातलाच दुसरा एक ड्रायव्हर उडी टाकून पळाला आणि त्याचा ट्रॅक्टर ओढ्यात गेला. हे तेव्हा घरी येऊन म्हणाले होते, "सीट सोडली तो ड्रायव्हर न्हवंच." कितीतरी दिवस तेच म्हणत होते.

यांनी सीट सोडली.

उडी मारली. माणूस सीटवरून उठला की ते यंत्र आपोआप बंद पडतं, तसं ते पडलं. त्या शांततेत मला माझ्याच ट्रॉलीचा कर्र आवाज ऐकू आला. पिन वाकली, ट्रॉली कलंडली, मी पानांत पडले आणि ओंडके माझ्या डोक्याशेजारून एकामागून एक खाली गेले. एक कमरेला लागला. यंत्र जाऊन तळ्याच्या काठच्या गवतात एका अंगावर आडवं झालं. आणि हे हाताच्या पंज्यांवर पडलेले, तिथून उठले आणि धावत माझ्याकडं आले. गुडघ्यातून रक्त येत होतं. माझा दंड इतका घट्ट धरला, की ती बोटं माझ्या दंडावर पुढं कित्येक दिवस निळी दिसत होती. पलीकडून डोरोथीबाई "ओ माय गॉड, ओ माय गॉड" करत येत होत्या.

हॉस्पिटलात फोटो काढले. हाड मोडलं नव्हतं. संतोष ऑफिसातून तसाच आला होता, गळ्यात ऑफिसचं कार्ड लटकत होतं. गाडीत बसल्यावर फुटला. "आबा, लोड जास्त, पानं ओली, त्यात उतार. तिन्ही एकदम! वर आईला बसवली! आई गेली असती आबा!" केतकी म्हणाली, "संतोष, आत्ता नको." त्यानं गाडी सुरू केली. मग हळू आवाजात म्हणाला, "ओढायचं वेगळं आणि थांबवायचं वेगळं. मागचं वजन पुढच्यापेक्षा जास्त झालं, की मोअर ट्रॉलीला नेत नाही. ट्रॉली मोअरला नेते." हे खिडकीबाहेर बघत होते. बरं म्हणाले नाहीत.

संतोषचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. गावाकडं ट्रॅक्टर विकत घेताना माणसं विचारायची, किती टन ओढतो? किती टन धरून ठेवतो, असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. चढावर ओझं मागं असतं, ते दिसतं, लोक वा वा करतात. उतारावर तेच ओझं पाठीत येतं. कोणी वा वा करत नाही, कारण सावरलं तर काहीच घडलेलं नसतं.

त्या दिवसापासून हे त्या यंत्रावर बसले नाहीत. खुर्ची पुन्हा खिडकीला गेली. चेन पुन्हा गळ्यापर्यंत. बर्फ पडला, वितळला, गवत वाढलं. संतोषनं यंत्र दुरुस्त करून आणलं होतं. मुद्दाम यांच्यासमोर म्हणाला, "आबा, गवत गुडघ्याला आलं." हे म्हणाले, "तू काप." संतोष गवत कापायचा तेव्हा हे उठून आतल्या खोलीत जायचे. संतोषच्या गाडीत पुढच्या सीटवरही बसेनात. घरात असून नसल्यासारखे. मी घाबरले. माणूस असा बसल्या जागी विझत जातो हे मी आमच्या वस्तीवर बघितलेलं आहे. त्याला काही आजार लागत नाही.

आणि या सगळ्यात मी मनातून सुखी होते. लिहायला लाज वाटते, पण होते. कमरेला शेक घेताना, बर्फ बघत लसूण सोलताना, मला एकच दिसायचं. सीट न सोडणारा माणूस सीट सोडून माझ्याकडं धावला. माझ्यासाठी. उरलेल्या भाकऱ्या आठवायच्या आणि वाटायचं, फिटलं सगळं. घरातही तेच बोललं जायचं. ईरानं शाळेत चित्र काढलं, टीव्हीतल्या उडणाऱ्या हिरोसारखा आबांच्या पाठीला निळा पदर हवेत उडतोय आणि आजी हातांवर. खाली इंग्रजीत लिहिलेलं. केतकीनं मला वाचून दाखवलं, "माझ्या आबांनी माझ्या आजीला वाचवलं." ते फ्रिजवर लावलं. त्यानंतर हे जेवताना फ्रिजकडं पाठ करून बसायला लागले. मला वाटलं, यंत्र मोडल्याची लाज. ड्रायव्हर माणूस.

काल दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. बाहेर पानं गळत होती. मी खूप दिवस ठरवत होते, काल धीर केला. समोर जाऊन बसले.

"एक बोलू का?"

"बोल."

"तुम्ही सीट सोडली म्हणून मनाला लावून घेऊ नका. माझ्यासाठी सोडलीत. कुणाचा नवरा असं करतो?"

यांनी जॅकेटची चेन खाली ओढली, पुन्हा वर नेली. मग म्हणाले, "तुझ्यासाठी न्हाई सोडली."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"तू ध्यानातच न्हवतीस. तळं दिसलं. वाटलं, गेलो आता. उडी मारली ती माझा जीव वाचवायला. खाली पडल्यावर तू दिसलीस." यांनी आतल्या फ्रिजकडं हात केला. "आनि ती पोरगी चित्र काढती. सगळी म्हंत्यात, आबांनी वाचवलं. म्या गप बसतो."

मला अंगाखालचं सगळं निसटल्यासारखं झालं. त्या दिवशी ट्रॉली कलंडली तेव्हाही असं झालं नव्हतं. तेव्हा निदान पानं होती अंगाखाली. सबंध हिवाळाभर मी जे उराशी धरून ऊब घेतली, ते यांनी एका वाक्यात काढून घेतलं. मला राग यावा असं वाटलं. मी रागाची वाट बघितली. तो आला नाही. समोर तोच चेहरा होता, यंत्र वळल्यावर दिसलेला. डोळे फक्त आता माझ्यात होते. हा माणूस वर्षभर कशाखाली दबून होता, ते मला आत्ता दिसत होतं.

मग माझ्या तोंडून निघालं, "मी तरी कुठं तुम्हाला हाक मारली?"

"म्हंजे?"

"घसरताना. मी 'आई गं' म्हणून ओरडले."

"तुझी आई तर कवाच गेली."

"म्हणून काय झालं? तुम्ही समोर होता, तरी तिलाच बोलावलं."

मग यांच्या नाकातून एकदम हसू फुटलं आणि त्याबरोबर पाणी. मीही हसायला लागले. कमर दुखायला लागली तरी थांबेना.

जरा वेळानं मी विचारलं, "मग पडल्यावर उठून माझ्याकडं का आलात? डोरोथीबाई पण होत्या की तिकडं."

"मग कुनाकडं जानार?" हे चिडूनच म्हणाले.

त्या चिडण्यात काय होतं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. चित्रातल्या निळ्या पदरापेक्षा मला ते जास्त खरं वाटलं. पण धक्का काही गेलेला नाही. इतकी वर्षं ज्याच्या पाठीमागं चालले त्याचा चेहरा मी आता कुठं बघायला लागले आहे, आणि प्रत्येक वेळी तो नवाच दिसतो. माझाही यांना तसाच दिसत असेल.

आज संध्याकाळी संतोष कामावरून आला. मी पोळ्या करत होते, तिथून दार दिसतं. तो बूट काढायला वाकला होता तेवढ्यात हे खुर्चीवरून उठून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"संतोष, त्या यंत्राला उतारावर किती वजन चालतं? सपाटीला किती? नीट सांग एकदा." आणि मग, "मला म्हाईत न्हाई."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. हे तीन शब्द यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. संतोषनंही ऐकले नसावेत. तो तसाच वाकलेला राहिला, मग एक बूट पायात ठेवूनच खाली जमिनीवर बसला आणि शेजारची जागा हातानं पुसली.

"बसा आबा," तो म्हणाला. "सांगतो."